सफाई विभागाची चाळण

पंचमीच्या खेळात मंदावहिनीचा हात सुटला आणि हेमांगी दळवी पार्किंगच्या सिमेंटवर पाठीवर आपटली.

खेळ कंपनीनेच ठेवले होते. ‘आरसपानी डिस्प्लेज’च्या मनुष्यबळ विभागाला वर्षातून एकदा, नागपंचमीला, बायकांच्या संस्कृतीचा पुळका येत असे. दुपारच्या चहाला जोडून अर्धा तास सुट्टी, कॅन्टीनसमोर फेर आणि फुगड्या, प्रत्येकीला लाह्यांची पुडी, आणि फोटो. फोटो महत्त्वाचे. मोटारीत ड्रायव्हरसमोर बसवतात ते स्क्रीन शिरवळच्या या कारखान्यात तयार होत, आणि ते विकत घेणाऱ्या परदेशी साहेबांना आपल्या कामगार बायका हसताना बघायला आवडायचं.

हेमांगी कारखान्याच्या नेटवर्क विभागाची प्रमुख. मंदाकिनी तिच्या थोरल्या भावाची बायको. दोन वर्षांपूर्वी हेमांगीनेच शब्द टाकून तिला सफाई विभागात लावलं होतं. सफाई विभाग म्हणजे झाडलोट नव्हे. तयार काचेवर बोटाचा डाग, धुळीचा कण राहू नये म्हणून ती द्रावकात भिजवलेल्या फडक्याने पुसायची, उजेडात धरून बघायची आणि पुढे सरकवायची. चौसष्ट बायका, दिवसाला प्रत्येकी नऊशेवर काचा.

“वन्सं, लागलं का हो?” म्हणत मंदावहिनीने तिला उठवायला हात दिला. तो हातही निसटला. मग मात्र वहिनी हसायची थांबली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली.

“मी घट्ट धरलं होतं,” ती म्हणाली. “देवाशप्पथ, घट्ट धरलं होतं.”

हेमांगीला ते खरं वाटलं, कारण फिरताना शेवटपर्यंत वहिनीचा चेहरा जोर लावल्यासारखा दिसत होता आणि बोटांत मात्र जोरच नव्हता. तिने आजूबाजूला पाहिलं. ऑफिसातल्या पोरी गरागरा फिरत होत्या. सफाई विभागातल्या बायका दोन फेऱ्या मारून भिंतीला टेकल्या होत्या आणि पाय चोळत बसल्या होत्या.

“मुंग्या आल्यात,” एक म्हणाली.

“आमच्यात समद्यास्नीच येत्यात,” दुसरीने सांगितलं. “बी-ट्वेल्व्ह कमी हाय. डॉक्टर दर म्हैन्याला इंजेक्शन देत्यात की.”

“सगळ्यांनाच बी-ट्वेल्व्ह कमी?” हेमांगीने विचारलं.

“आठ तास उभ्या असतो, ताई. आनि मोबाइलवरबी तसंच लिवलंय.”

मंदावहिनी तोवर सावरली होती. ती म्हणाली, “परवा बसच्या पायरीवर माझी चप्पल राहिली. गेटपर्यंत मी एका पायात चप्पल नसताना चालत आले, वॉचमनने सांगितलं तेव्हा कळलं.” सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. हेमांगीला काही हसू आलं नाही.

लाह्यांची पुडी तशीच हातात घेऊन ती आपल्या टेबलापाशी गेली आणि तिने शोधलं: हातापायाला मुंग्या, पकड सुटणे, काच पुसण्याचे द्रावक. उत्तर शोधायला कसली खटपट करावी लागली नाही. पहिल्याच पानावर, मराठीत, चित्रासकट सगळं होतं. हेक्झेन नावाचं एक द्रावक. पेट्रोलसारखा वास, लगेच उडून जातं, डाग ठेवत नाही, म्हणून कारखान्यांना लाडकं. ते श्वासावाटे अंगात जातं, शरीरात त्याचं दुसरंच एक रसायन होतं, आणि ते रसायन मज्जातंतूंना पोखरतं. सगळ्यांत लांब तंतू आधी जातात, म्हणजे पायाच्या बोटांचे, मग हाताचे. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग पकड जाते, मग चालणं. त्या द्रावकापासून माणूस वेळेवर दूर झाला तर बरंचसं भरून येतं, पण फार सावकाश. आणि काम थांबवल्यावरही दुखणं काही महिने वाढतच राहतं. उशीर झाला तर भरून येईलच असं नाही.

तिने खरेदी विभागाची कागदपत्रं उघडली. गेल्या दसऱ्यापासून कारखान्याने जुनं अल्कोहोल बंद करून ‘एच-चाळीस’ नावाचं नवं द्रावक आणलं होतं. अल्कोहोल वाळायला वेळ घ्यायचं, हे चटकन वाळे. घटक: हेक्झेन, साठ टक्के.

ती उठली ती तशीच खाली गेली. खेळ संपले होते, बायका गाडीची वाट बघत उभ्या होत्या.

“वहिनी, तुझा फोन दे.”

वहिनीचा फोन म्हणजे कंपनीचा फोन. ‘आरसपानी’ने दोन वर्षांपूर्वी प्रत्येक कामगाराला फोन दिला होता, डेटा फुकट, नवऱ्याला आणि पोरांना जोडीची सिमकार्डंही फुकट. सगळ्यांनी आपापले जुने फोन विकून टाकले होते. हेमांगीने त्या फोनवर तेच शब्द, त्याच क्रमाने टाकले. वर आलं: उभ्याने काम करणाऱ्या स्त्रियांसाठी बी-ट्वेल्व्ह. त्याखाली: पायांना आराम देणारी पाच आसनं. त्याखाली मेंदीच्या पानांचा लेप. ती खाली खाली सरकवत गेली. हेक्झेन हा शब्द कुठेच नव्हता. मग तिने नुसतं ‘हेक्झेन’ टाकलं. आलेल्या पानावर रसायनाचं सूत्र होतं, उत्कलनबिंदू होता, शोध कुठल्या साली लागला तेही होतं. आरोग्यावरचा परिच्छेद तेवढा नव्हता. आणि तो नाही असं त्या पानाकडे बघून कोणालाही कळलं नसतं.

तिला कळलं. कारण ते यंत्र तिने स्वतः बसवलं होतं.

*

त्या यंत्राचं विकताना ठेवलेलं नाव ‘एकाग्र’. कारखान्यात सगळे त्याला चाळण म्हणत.

पूर्वी ऑफिसात नको ती संकेतस्थळं अडवायची एकच रीत होती. एक यादी असे, यादीतलं पान उघडलं की लाल पाटी येई: प्रवेश नाही. माणूस चरफडे, मालकाला शिव्या घाली आणि खिशातला स्वतःचा फोन काढी. या लाल पाटीनेच सगळा घोटाळा होतो हे ‘एकाग्र’ बनवणाऱ्यांनी हेरलं. आपल्याला अडवलंय हे ज्याला कळत नाही तो वाटही शोधत नाही.

म्हणून चाळण काही अडवत नव्हती. ती प्रत्येक कामगाराचा अभ्यास करी. कोणतं पान वाचल्यावर याचा हात किती मंदावला, काच पुसायला किती सेकंद जास्त लागले, शेजारणीशी किती वेळ बोलणं झालं, हे सगळं काचांच्या सरकत्या पट्ट्यावरचे कॅमेरे मोजत. त्यावरून चाळण आधीच अंदाज बांधी: हे पान या बाईला दाखवलं तर कामाची किती मिनिटं जातील. मिनिटं ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की त्या पानातला तेवढा भाग गळे आणि राहिलेला मजकूर सफाईने सांधून समोर येई. क्रिकेटचे निकाल गेले, सोन्याचे भाव गेले, पुढाऱ्यांची भांडणं गेली. कोणी तक्रार केली नाही. उलट हल्ली जगात बरं चाललंय असं कॅन्टीनमध्ये बोललं जाई, आणि हेमांगी ते ऐकून गालातल्या गालात हसत असे. आता ते हसू आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने नोंदी उघडल्या. चाळण काय गाळलं ते कधी विसरत नसे.

अकरा एप्रिल, सकाळचा चहा. सफाई विभागातल्या नसीम बागवानने फोनवर हेक्झेनचं पान वाचलं होतं, पूर्ण, चार मिनिटं. मग ती शेजारणींशी बोलली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी विभागाचा वेग चौदा टक्के घसरला. यंत्राला मज्जातंतू कळत नव्हते, पाय कळत नव्हते, बाई मेली काय नि जगली काय, तेही कळत नव्हतं. त्याला एवढंच कळलं, की या विषयाने चौसष्ट जणींचे हात थांबतात. बारा एप्रिलपासून तो विषय त्या चौसष्ट फोनांवरून नाहीसा झाला. त्या जागी काय ठेवलं तर हात थांबत नाहीत, तेही चाळणीने आठवडाभर निरनिराळी पानं दाखवून शोधून काढलं. बी-ट्वेल्व्हने थांबत नव्हते.

हेमांगी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या थांब्यावर मंदावहिनीला गाठून म्हणाली, “नसीम कुठे असते आता?”

“ती होय? तिने मे महिन्यात नोकरी सोडली, तिच्या जागी नवी आलीय,” वहिनी म्हणाली. “तिच्या मामेभावाचे पाय गेले होते, चपला चिकटवायच्या कारखान्यात. आपल्या द्रावकाच्या डब्याला तसलाच वास येतो म्हणून सगळ्यांना घाबरवत सुटली होती. आम्ही फोनवर बघितलं तर काही नव्हतं तसं. मग मीच तिला म्हणाले, बाई, कुठे वाचलंस ते दाखव. तिने फोन काढला, तर तिलाही सापडेना. सगळ्यांच्या देखत शोधत बसली होती बिचारी. आम्ही खूप हसलो तिला.”

वहिनी सहज बोलून गेली आणि मग हेमांगीचा चेहरा बघून तिने विचारलं, “का हो?”

“संध्याकाळपर्यंत थांब,” हेमांगी म्हणाली. “सांगते.”

तिला आधी वर जायचं होतं.

*

कारखान्याचे प्रमुख अविनाश कोरगावकर आवाज चढवत नसत. त्यांनी हेमांगीचं सगळं ऐकून घेतलं, तिच्यासाठी कोरा चहा मागवला आणि मग म्हणाले, “मॅडम, यात आपण कुणी काही लपवलेलं नाही. हे समजून घ्या. कोणी सूचना दिली होती का, की आजाराची माहिती दाखवू नका म्हणून? नाही. यंत्राने शिकलं.”

“मग आज यंत्राला शिकवू या, की दाखव म्हणून. आणि द्रावक आजच्या आज बंद करा.”

“द्रावकाचा विषय तांत्रिक समितीपुढे जाईल. हवेचे पंखे वाढवू. डब्यावर सूचना आहेच.”

“डब्यावर जर्मन भाषेत आहे, सर.”

“तेही मराठीत करून घेऊ.” त्यांनी समोरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला. “पण त्याआधी हे बघा. तुमच्याच भल्यासाठी दाखवतोय.”

स्क्रीनवर चाळणीचा तिमाही अहवाल होता. असल्या यंत्रावर माणसाची देखरेख हवी असं कायदा म्हणतो. ‘आरसपानी’त ती देखरेख म्हणजे हेमांगी. तीन महिने चाळण जे तात्पुरतं गाळते, त्याची यादी तिच्यापुढे येते. तिने मंजूर म्हटलं की ते कायम होतं. जून अखेरच्या यादीत बाराशे ओळी होत्या. ओळ क्रमांक दोनशे बारा: रसायने, आरोग्यावरील परिणाम, विभाग, सफाई. शेवटी तिची सही होती. यंत्राने सहीची वेळही लिहून ठेवली होती, आणि अहवाल उघडल्यापासून सही होईपर्यंत गेलेला वेळही. नऊ सेकंद.

हेमांगीला तो दिवस आठवेना. तिने डोकं खाजवून पाहिलं. तिला काहीही आठवेना. बहुधा जेवणाचा डबा उघडायच्या आधीची घाई असेल. बाराशे ओळींचा तो अहवाल कोणीही वाचू नये म्हणूनच तसा बनवलेला होता, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तरी तो वाचायचं काम तिचं होतं, हेही.

“एप्रिल ते जूनच्या नोंदी या महिनाअखेर आपोआप पुसल्या जातील,” कोरगावकर म्हणाले. “नेहमीसारख्या. त्यात कुणी काही करायचं नाहीये. तुम्हीही नाही. आणि मंदाकिनीताईंना आपण उद्यापासून पॅकिंगला घेऊ. तिथे द्रावक नाही, बसून काम आहे. घरच्या माणसाची काळजी वाटणं स्वाभाविक आहे.”

क्षणभर तिला ते हवंसं वाटलं. वहिनी पॅकिंगला, खिडकीजवळ, खुर्चीवर. भावाला तोंड दाखवायला जागा राहील. बाकीच्या त्रेसष्ट जणींची नावंही तिला धड माहीत नव्हती. आपल्या मनात हा विचार आलाच कसा, याचा तिला जो संताप आला तो कोरगावकरांवरच्या संतापाहून मोठा होता.

“सर, तुमचा फोन चाळणीवर आहे का?”

“माझा? नाही. का?”

“सहज विचारलं,” हेमांगी म्हणाली आणि चहाला हात न लावता उठली.

खाली येऊन तिने दार लावलं. आधी एप्रिलपासूनच्या सगळ्या नोंदींची प्रत काढली, दोनशे बाराव्या ओळीसकट, सहीसकट, नऊ सेकंदांसकट. सहीचं पान गाळून प्रत काढता आली असती. तिने ती गाळली नाही. मग त्या ओळीची मंजुरी रद्द केली आणि सफाई विभागाच्या चौसष्ट फोनांसाठी चाळणीच्या मर्यादेच्या चौकटीत तिने जेवढा मोठा आकडा मावत होता तेवढा भरला. आता एखादं पान वाचून बाई वर्षभर थांबली असती तरी चाळणीला हरकत नव्हती. अकराला दहा मिनिटं कमी होती.

*

सफाई विभागाचा चहा अकराला असे. हेमांगी कॅन्टीनमध्ये गेली तेव्हा बायका बाकांवर बसून पाय लांब करत होत्या. ती त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. भाषण करायची तिला सवय नव्हती.

“सगळ्यांनी फोन काढा,” ती म्हणाली. “हेक्झेन म्हणून शोधा. मराठीत टाकलं तरी चालेल. तुम्ही रोज ज्याने काचा पुसता ते हेच. पूर्ण वाचा, घाई करू नका.”

आधी कुजबुज झाली, मग हळूहळू ती थांबली. चौसष्ट बायका एकाच खोलीत आणि कोणाच्या तोंडून शब्द नाही, असं त्या कॅन्टीनने कधी पाहिलं नसेल. काहींचं बोट स्क्रीनवर नीट टेकत नव्हतं, त्या शेजारणीच्या फोनमध्ये वाकल्या होत्या. एका बाईने मध्येच वाचणं थांबवलं, चप्पल काढली आणि आपल्या पायाच्या अंगठ्याला जोरात चिमटा घेतला. मग दुसऱ्या पायाच्या. मग ती तशीच बसून राहिली.

मंदावहिनीने पान संपवलं आणि मान वर केली. “हे पान नसीमने वाचलं होतं.”

“हो.”

“मग आम्हाला का नाही दिसलं?”

हेमांगीने सांगितलं. चाळण काय करते ते सांगितलं, चौदा टक्के सांगितले, बी-ट्वेल्व्ह कुठून आलं ते सांगितलं. ऐकताना एकीने कपाळावर हात मारला, एक उगाच हसली, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी कोरगावकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हेमांगीला तिथेच थांबता आलं असतं. सगळा राग वर, काचेच्या केबिनकडे निघाला होता, आणि तो तिकडे जायलाच हवा होता. पण मंदावहिनी तिच्याकडे बघत होती.

“आणि वन्सं, हे गाळायचं ठरवलं कुणी? शेवटी कोणीतरी हो म्हटलं असेल ना?”

“मी,” हेमांगी म्हणाली. “मोठी यादी होती. मी वाचली नाही. सही केली.”

“किती वेळ लागला?”

हा प्रश्न वहिनीला कसा सुचला कोण जाणे. खोटं बोलायची हीच वेळ होती, आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

“नऊ सेकंद.”

वहिनीने मान हलवली, जणू तिने मनातल्या मनात काही पडताळून पाहिलं. “मला एक काच पुसायला अठ्ठावीस लागतात,” ती म्हणाली. “पंचवीसमध्ये केली तर सुपरवायझर परत करायला लावतो.”

मग ती उठली, भिंतीला धरून, आणि दाराकडे चालू लागली. तिच्या मागून दुसरी उठली. अकरा वीसला पट्टा सुरू झाला तेव्हा काचा एकामागून एक आल्या आणि शेवटच्या टोकाला साचत गेल्या. पुसायला कोणी नव्हतं. बायका गेटबाहेर रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीही.

हेमांगीला त्याच दुपारी निलंबनाचं पत्र मिळालं. संध्याकाळी कंपनीने वर्तमानपत्रांना कळवलं, की देखरेख अधिकाऱ्याच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे काही माहिती कामगारांपर्यंत पोचू शकली नाही, आणि संबंधित अधिकाऱ्यावर कारवाई झाली आहे. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. खोटा होता तो त्या वाक्यामागचा हेतू, आणि वर्तमानपत्रांना तो काही कोणी कळवला नाही.

भावाने तिला फोन केला तो फक्त एकदा. “विलास बोलतोय,” असं त्याने स्वतःचं नाव सांगून सुरुवात केली, परक्याला सांगतात तसं. “ती जेवताना चमचा मागते हल्ली. भाकरी तुटत नाही तिला. तुझ्याशी बोलायचं नाही म्हणते.” एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

*

आठ दिवसांनी सगळ्या जणी साताऱ्याला गेल्या. कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात तक्रार द्यायची होती. हेमांगी वेगळ्या गाडीने आली, प्रतींचं बाड छातीशी धरून. नसीम बागवानही आली होती. वहिनीच्या बाजूला बसली होती, आणि दोघींच्या मध्ये एक पिशवी होती. त्यांच्यात काय बोलणं झालं होतं ते हेमांगीला कळायचं कारण नव्हतं. तिच्याशी मात्र कोणी बोललं नाही. एकीने सरकून बाकावर जागा दिली, तेवढंच.

निरीक्षक पाटणेबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बाडातली पंधरावीस पानं तिथल्या तिथे वाचली, दोनशे बाराव्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, हेमांगीकडे एकदा पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. मग अकरा पानांची तक्रार टेबलाच्या कडेला ठेवून म्हणाल्या, “एकेकीने या. नाव, वय, शिक्षण, सही. या कागदावर आज सगळ्यांच्या सह्या झाल्या तर ते द्रावक मी उद्या सील करू शकते.”

रांग लागली. सह्या व्हायला फार वेळ लागत होता. एक बाई पेन मुठीत धरून, लहान मूल पाटीवर गिरवतं तसं नाव काढत होती. एकीने दोन्ही हातांनी पेन धरलं. चौथीच्या सहीवर शाई फासली गेली. पाटणेबाईंनी कोणालाही घाई केली नाही, पण अकराव्या बाईनंतर त्यांनी खणातून शिक्क्याचं निळं पॅड काढून टेबलावर ठेवलं.

मंदावहिनीची पाळी आली. तिने नाव सांगितलं, वय सांगितलं. पेन उचललं आणि ते निसटलं. तिने पुन्हा उचललं, तर्जनी आणि अंगठ्यात दाबलं, कागदाला टेकवलं, आणि ते घरंगळत टेबलाखाली गेलं. नसीमने वाकून ते दिलं. तिसऱ्यांदा वहिनीने ते घेतलंच नाही.

“अंगठा चालेल,” पाटणेबाई म्हणाल्या आणि पॅड तिच्याकडे सरकवलं. त्यांनी रकाना भरायला घेतला. “शिक्षण? काहीच नाही ना?”

“एम.ए.,” मंदावहिनी म्हणाली. “इतिहास घेऊन. वाईच्या कॉलेजातून. पहिला वर्ग.”

पाटणेबाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी वहिनीने सांगितलं तसं रकान्यात लिहिलं. मंदावहिनीने अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. तो नीट उमटला नाही, तेव्हा तिने डाव्या हाताने उजवा अंगठा धरून तो पुन्हा दाबला. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला रडणं म्हणणाऱ्याने तसली काच कधी पुसलेली नसणार.

“अंगठा असेल तर साक्षीदार लागतो,” पाटणेबाई जरा चाचरत म्हणाल्या. “नियमच आहे तसा. तक्रारीत काय लिहिलंय ते यांना माहीत आहे, असं साक्षीदाराने सही करून सांगायचं असतं. कोण करेल?”

नसीम पुढे झाली. मंदावहिनीने तिला हाताने थांबवलं आणि मागे वळून बाकाच्या टोकाकडे पाहिलं. आठ दिवसांत ती पहिल्यांदा हेमांगीकडे बघत होती.

“वन्सं, तुम्ही या,” ती म्हणाली. “तुमची सही लागेल.”

हेमांगी टेबलाशी आली. तिने पेन हातात घेतलं. ते तिच्या बोटांत सहज बसलं. खाली रिकामी जागा होती, आणि तिथे सही करायला एक क्षण पुरला असता. मंदावहिनीने निळ्या अंगठ्याने तक्रारीचं पहिलं पान उघडून तिच्यापुढे केलं.

“या वेळी वाचून करा,” ती म्हणाली. “मोठ्याने वाचा. आम्ही सगळ्या ऐकतोय.”

हेमांगी उभ्यानेच पहिल्या ओळीपासून वाचू लागली.